विद्यापीठ धर्मसंस्थेचे, पदवी व्यवस्थापनाची

ऑनलाइन एमबीएबद्दल या सदराकडे पत्रे नेहमीच येतात. परंतु या वेळच्या तीन पत्रांत एक धागा समान आहे. प्रवेशासाठी ज्या विद्यापीठाचा विचार चालला आहे, ते एखाद्या धर्मसंस्थेने, मठाने किंवा मिशनने चालवलेले आहे आणि त्यामुळे पत्रलेखकांच्या मनात कोठे विश्वास तर कोठे संशय निर्माण झाला आहे. तिन्ही पत्रे सांगली-सातारा परिसरातील असल्याने त्यांची उत्तरे एकत्र देत आहे.

प्रश्न : मी मिरजेची असून माझे वय 33 आहे. मी शिवाजी विद्यापीठाची बी.कॉम. पदवीधर आहे. गेली नऊ वर्षे मी एका रुग्णालयाच्या बिलिंग विभागात काम करते आणि अलीकडेच त्या विभागाची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. आमचे कुटुंब ख्रिस्ती आहे. अमेरिकेत राहणाऱ्या माझ्या चुलत दिरांनी तेथील एका ख्रिस्ती विद्यापीठाच्या ऑनलाइन एमबीएची माहिती पाठवली आहे. घरी बसून दीड वर्षात पदवी मिळेल आणि शिक्षण ख्रिस्ती मूल्यांवर आधारलेले असेल, असे त्यात म्हटले आहे. सासूबाईंना हे फार आवडले आहे, तर माझ्या पतींना खर्चाची काळजी वाटते. ही पदवी भारतात चालेल का? आणि धर्माच्या पायावर व्यवस्थापन शिकवायचे म्हणजे नेमके काय शिकवायचे?

उत्तर : आपला दुसरा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो, म्हणून त्यापासून सुरुवात करतो. अमेरिकन मिशनचे नाव ऐकून दचकण्याचे मिरजकरांना कारण नाही. अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनचे डॉ. विल्यम वॉन्लेस एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मिरजेत आले आणि त्यांनी उभारलेल्या रुग्णालयामुळे या गावाची ओळखच वैद्यकीय सेवेचे गाव अशी झाली. मात्र त्या कामाबद्दलचा आदर आज कोणत्याही ख्रिस्ती नावाच्या संस्थेच्या खात्यावर आपोआप जमा करणे योग्य नाही, कारण अमेरिकेत ‘ख्रिस्ती विद्यापीठ’ या एकाच शब्दाखाली अगदी वेगवेगळ्या स्वभावाच्या संस्था येतात.

1789 मध्ये सुरू झालेले जॉर्जटाउन जेझुइट या कॅथलिक धर्मगुरूंच्या संघाचे आहे, 1842 मधील नोत्र दाम कॅथलिक आहे आणि 1845 मधील बेलर बॅप्टिस्ट परंपरेतील आहे. अशा जुन्या आणि मोठ्या विद्यापीठांच्या व्यवस्थापन विभागात सर्व धर्मांचे, तसेच कोणताही धर्म न मानणारे विद्यार्थी शिकतात आणि धर्माचा वावर मुख्यतः संस्थेच्या ध्येयवाक्यात, नीतिशास्त्राच्या विषयात व सेवाकार्यात दिसतो. याउलट 1971 मध्ये व्हर्जिनिया राज्यातील लिंचबर्ग येथे स्थापन झालेले आणि ऑनलाइन शिक्षणाचा फार मोठा पसारा असलेले लिबर्टी विद्यापीठ आपण बायबलच्या दृष्टीने जग पाहायला शिकवतो, असे उघडपणे सांगते. तेथे वित्त किंवा विपणन यांसारख्या विषयाच्या लेखी कामातही श्रद्धेचा संदर्भ अपेक्षित असू शकतो. युटा राज्यातील ब्रिगहॅम यंग विद्यापीठ विद्यार्थ्यांकडून एक आचारसंहिता मान्य करून घेते, तिच्यात दारू व तंबाखूबरोबर चहा आणि कॉफीही वर्ज्य आहे. हे आपल्याकडच्या पाहुणचाराच्या दृष्टीने फारच कडक झाले. पण सांगण्याचा हेतू असा की, धर्माधिष्ठित या शब्दाचा अर्थ नुसत्या नावावरून कळत नाही, तो अभ्यासक्रमाच्या तपशिलात आणि विद्यार्थ्याने सही करायच्या कागदात शोधावा लागतो. म्हणून संपूर्ण विषयांची यादी मागवून घ्या. अमेरिकेतील एमबीए साधारणतः 36 किंवा त्याहून थोड्या अधिक क्रेडिटची, म्हणजे अभ्यासाचा भार मोजण्याच्या एककांची, असते. त्यांपैकी किती क्रेडिट हिशेबशास्त्र, वित्त, संख्याशास्त्र, विपणन, मनुष्यबळ व कार्यव्यवस्थापन यांना दिलेली आहेत आणि किती धर्मविषयक आहेत, हे मोजून पाहा. एखाद-दुसरा विषय नीती व श्रद्धा यांना दिलेला असेल तर त्यात गैर काही नाही. आपल्या कुटुंबाला ते हवेसेही वाटेल. परंतु मुख्य विषयच कापून ती जागा भरली असेल, तर उद्या वरिष्ठांनी खर्चाचे पृथक्करण मागितल्यावर ती उणीव आपल्यालाच जाणवेल.

आता मान्यतेचा प्रश्न. अमेरिकेत विद्यापीठांना अधिस्वीकृती, म्हणजे दर्जा तपासून दिलेली मान्यता, देणारे एकच सरकारी खाते नाही. हे काम खासगी मंडळे करतात आणि त्या मंडळांना तेथील संघराज्य शिक्षण विभागाची मान्यता असावी लागते. त्यामुळे ‘आमचे विद्यापीठ अधिस्वीकृत आहे’ या वाक्याला अर्थ नाही. कोणत्या मंडळाकडून, हे विचारावे आणि त्या मंडळाचे नाव शिक्षण विभागाच्या यादीत आहे का, ते स्वतः पाहावे. व्यवस्थापन शाखेसाठी याखेरीज एएसीएसबी, एसीबीएसपी आणि आयएसीबीई अशी वेगळी मंडळे आहेत. त्यांपैकी 1916 मध्ये स्थापन झालेल्या एएसीएसबीची अधिस्वीकृती सर्वांत मानाची समजली जाते. धर्मसंस्थांच्या बाबतीत आणखी एक बारकावा आहे, जो माहितीपत्रकात सहसा सापडत नाही. फ्लोरिडासारख्या राज्यात धार्मिक महाविद्यालयांना राज्याच्या परवान्यातून सूट मिळू शकते, पण तिची अट अशी आहे की, त्यांच्या पदवीच्या नावातच ती धार्मिक असल्याचा निर्देश असला पाहिजे. धर्मगुरू घडवणाऱ्या शिक्षणासाठी ही सोय आहे. तेव्हा अशा सवलतीवर चालणारी एखादी संस्था साधी एमबीए देऊ करत असेल, तर तेथेच थांबावे.

भारतात ‘चालेल का’ याचे उत्तर आपण ती पदवी कोठे दाखवणार आहात, यावर अवलंबून आहे. खासगी रुग्णालयाचे व्यवस्थापन आपल्या मर्जीने कोणतीही पदवी विचारात घेऊ शकते. सरकारी नोकरी, महाविद्यालयातील अध्यापन किंवा पीएच.डी. यांसाठी मात्र परदेशी पदवीची समकक्षता, म्हणजे ती भारतीय पदवीच्या बरोबरीची असल्याचा दाखला, लागते. हे काम पूर्वी भारतीय विद्यापीठ संघ पाहत असे. एप्रिल 2025 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, यासाठी स्वतःचे नियम अधिसूचित केले आहेत. ऑनलाइन शिकून मिळवलेल्या परदेशी पदवीला समकक्षता मिळेल असे कोणीही तोंडी सांगितले तरी ते गृहीत धरू नये. शिवाय काही कंपन्या परदेशी विद्यापीठांशी संधान बांधून भारतात त्यांच्या ऑनलाइन पदव्या विकतात, त्याविरुद्ध आयोगाने डिसेंबर 2023 मध्ये जाहीर इशारा दिलेला आहे. दिरांनी पाठवलेली माहिती थेट विद्यापीठाची आहे की मधल्या कंपनीची, हे पत्रावरून कळत नाही. तेवढे आधी पाहून घ्यावे.

प्रवेशाच्या वेळीच एक अडचण येऊ शकते. अमेरिकेतील पहिली पदवी चार वर्षांची असते आणि आपली बी.कॉम. तीन वर्षांची आहे. काही विद्यापीठे तीन वर्षांची भारतीय पदवी स्वीकारतात, काही अर्जदाराला गुणपत्रकांचे बाहेरच्या संस्थेकडून मूल्यांकन करून आणायला सांगतात, आणि त्यासाठी वेगळे शुल्क पडते. तसेच घरून शिकलेल्या ऑनलाइन पदवीमुळे विद्यार्थी व्हिसा मिळत नाही आणि शिक्षणानंतर तेथे काम करण्याची जी मुदत प्रत्यक्ष जाऊन शिकणाऱ्यांना मिळते तीही मिळत नाही. ‘पुढे अमेरिकेत येता येईल’ असे घरात कोणी बोलत असेल, तर तो हिशेब यातून वगळावा.

खर्चाचा अंदाज मी केवळ उदाहरण म्हणून मांडतो. समजा, दर क्रेडिटला 500 डॉलर पडतात आणि एकूण 36 क्रेडिट आहेत. शुल्क 18,000 डॉलर झाले आणि डॉलर 90 रुपयांचा धरला तर 16 लाख 20 हजार रुपये लागतील. पुस्तके, तंत्रज्ञान शुल्क आणि बँकेचा आकार यांत धरलेला नाही. शुल्क सत्रागणिक भरायचे असल्याने मध्येच डॉलर पाच रुपयांनी वाढला, तर पूर्ण रकमेवर 90 हजारांचा फरक पडतो. माहितीपत्रकातील ‘शिष्यवृत्ती’ या शब्दाने हुरळून जाऊ नका. अमेरिकन सरकारचे शैक्षणिक साहाय्य परदेशात राहणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला मिळत नाही, आणि विद्यापीठाची स्वतःची सवलत असेल तर ती दरवर्षी टिकण्याची अट काय, हे लेखी घ्यावे लागते. वेळेचेही तसेच. बहुतेक ठिकाणी आठवड्याचे काम रविवारी रात्री बारापर्यंत द्यायचे असते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचे रविवारचे बारा म्हणजे आपले सोमवारी सकाळचे साडेनऊ किंवा साडेदहा, अर्थात नेमकी बिलिंग विभागातील गर्दीची वेळ.

माझे स्पष्ट मत असे की, आपण हा खर्च करू नये. कारण धर्माचे नाही, कामाचे आहे. आपल्या टेबलावर विमा कंपन्यांच्या मध्यस्थ संस्थांचे कॅशलेस दावे आणि महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेची प्रकरणे असतात. अमेरिकन एमबीएतील आरोग्य व्यवस्थापनाचा विषय मेडिकेअर ही तेथील सरकारी आरोग्य विमा योजना आणि तेथील खासगी विमा यांभोवती फिरतो. त्यातून विचाराची शिस्त लागेल, पण मंजुरी अडकलेल्या प्रकरणाचे काय करायचे, ते समजणार नाही. भारतीय विद्यापीठाची रुग्णालय व्यवस्थापनाकडे कल असलेली एमबीए पुष्कळ कमी खर्चात होईल. ख्रिस्ती परंपरेतील संस्थेतच शिकण्याची इच्छा असेल, तर आपल्याकडे तशा संस्थांची वाण नाही. जमशेदपूरची 1949 मधील एक्सएलआरआय जेझुइटांनी उभी केलेली आहे, बंगळूरचे क्राइस्ट हे 2008 पासून अभिमत, म्हणजे केंद्र सरकारने विद्यापीठाचा दर्जा दिलेले, विद्यापीठ आहे, आणि पुण्यात औंधला स्पायसर ॲडव्हेंटिस्ट विद्यापीठ आहे. यांपैकी कोणाला कोणता अभ्यासक्रम ऑनलाइन चालवण्याची परवानगी चालू सत्रासाठी आहे, ते पुढच्या उत्तरात सांगितलेल्या रीतीने तपासा. सासूबाईंना मी काही सांगणे बरे नव्हे. मात्र पतींची काळजी रास्त आहे.

प्रश्न : मी साताऱ्यात राहतो आणि जवळच्या एका साखर कारखान्यात भांडार विभागात अधिकारी आहे. वय 38. बढतीसाठी एमबीए उपयोगी पडेल असे वरिष्ठ म्हणतात. दक्षिणेतील एका आध्यात्मिक मठाशी संबंधित विद्यापीठाची ऑनलाइन एमबीए मला शुल्क आणि अभ्यासक्रम या दोन्ही बाबतींत पटली आहे. परंतु मी कोणत्याही बाबा-बुवांना मानत नाही. तेथे प्रार्थना, प्रवचने यांची सक्ती असेल का? आणि अशा विद्यापीठाची पदवी इतर विद्यापीठांच्या बरोबरीची मानली जाते का?

उत्तर : पदवीची बरोबरी विद्यापीठाच्या पाठीशी कोण आहे यावर ठरत नाही. अभिमत विद्यापीठाचा दर्जा केंद्र सरकार यूजीसीच्या शिफारशीवरून देते, आणि तो मिळाला की मठाने, मिशनने किंवा उद्योगपतीने काढलेल्या विद्यापीठाची पदवी कायद्याने एकाच पातळीवर येते. आपल्या वर्णनाशी जुळणारे अमृता विश्व विद्यापीठम् हे उदाहरण घेऊ. माता अमृतानंदमयी मठाशी संबंधित, कोइमतूरजवळ मुख्यालय असलेल्या या संस्थेला 2003 मध्ये अभिमत दर्जा मिळाला असून ती ऑनलाइन एमबीए चालवते. दिल्लीचे जामिया हमदर्द, आग्र्याचे राधास्वामी परंपरेतील दयालबाग शिक्षण संस्था, पुट्टपर्तीची श्री सत्यसाई उच्च शिक्षण संस्था याही अभिमत संस्थाच आहेत. पारंपरिक, दूरस्थ आणि ऑनलाइन या तिन्ही रीतींनी मिळालेल्या मान्यताप्राप्त पदव्या समान समजाव्यात, असे यूजीसीने सप्टेंबर 2022 मध्ये पुन्हा स्पष्ट केले आहे.

खरा तपास वेगळाच आहे. विद्यापीठ मान्यताप्राप्त असणे आणि त्याला अमुक अभ्यासक्रम अमुक सत्रात ऑनलाइन चालवण्याची परवानगी असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ही परवानगी 2020 च्या नियमांनुसार मिळते आणि तिची यादी यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या, म्हणजे डीईबीच्या, संकेतस्थळावर सत्रानुसार असते. यादीत विद्यापीठाचे नाव, ‘एमबीए’ हा अभ्यासक्रम, ‘ऑनलाइन’ ही पद्धत आणि आपण प्रवेश घेणार ते सत्र या चारही गोष्टी एकत्र दिसल्या पाहिजेत. चारातली एक जरी नसली, तरी थांबावे. 2024 पासून अशा प्रवेशासाठी विद्यार्थ्याने स्वतःचा डीईबी क्रमांक काढणे आवश्यक झाले आहे. त्याआधी ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे, म्हणजे एबीसीचे, खाते लागते. हे काम आपण स्वतःच्या मोबाइल क्रमांकावरून करावे, प्रवेश घडवून देणाऱ्या माणसाच्या हाती देऊ नये. तीन वर्षांच्या पदवीनंतर पदव्युत्तर पदवीला किमान दोन वर्षे लागतात. एका वर्षात उरकण्याचे आश्वासन कोणी दिले तर त्यावरूनच काय ते समजावे.

प्रार्थनेच्या सक्तीबद्दल आपले संविधान स्पष्ट आहे. शासनमान्य किंवा शासकीय अनुदान घेणाऱ्या शिक्षणसंस्थेतील कोणालाही त्याच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत सहभागी होण्यास भाग पाडता येत नाही, असे अनुच्छेद 28 च्या तिसऱ्या खंडात म्हटले आहे. यातील मेख ‘संमती’ या शब्दात आहे. प्रवेश अर्जाखाली बारीक अक्षरांत आपण संस्थेच्या सर्व उपक्रमांत सहभागी होऊ, असे लिहिलेले असेल आणि आपण न वाचता टिचकी मारली, तर पुढे वाद घालणे अवघड जाते. मूल्यशिक्षण, योग, ध्यान किंवा भारतीय ज्ञानपरंपरा अशा नावाचा विषय क्रेडिटसह सक्तीचा आहे काय, हे अभ्यासक्रमपत्रिकेत पाहावे. एखादा असा विषय असेल, तर तो मठाची दीक्षा नव्हे. परीक्षेचा पेपर म्हणून वाचावा आणि पटले नाही तर उत्तरपत्रिकेत तर्काने खंडन करावे. चांगला परीक्षक त्यालाही गुण देतो. ऑनलाइन शिक्षणात तर चित्रफिती, लेखी साहित्य, स्वाध्याय आणि चर्चामंच असे चार भाग असतात. त्यांत सकाळच्या प्रार्थनेला उभे करण्याची सोयच फारशी नसते. देखरेखीखालील परीक्षा मात्र गंभीरपणे घ्यावी लागते.

साताऱ्यात राहून हा प्रश्न विचारलात, याची मला थोडी गंमत वाटली. कर्मवीर भाऊराव पाटील जैन कुटुंबातील होते. 1919 मध्ये कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू करून त्यांनी 1924 मध्ये ती साताऱ्यात आणली आणि सर्व जातिधर्मांची मुले एका छपराखाली राहतील असे वसतिगृह चालवले. त्या छत्रपती शाहू बोर्डिंगचे नामकरण 1927 मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते झाले. संस्थापकाचा धर्म कोणता हे विचारत बसण्यापेक्षा त्याच्या दारातून कोणाला आत येता येते आणि आत काय शिकवले जाते, हे पाहण्याची सवय या गावाला आधीपासून आहे. आपल्याला दक्षिणेतील विद्यापीठाविषयी हेच पाहायचे आहे.

बढतीबद्दल एक व्यावहारिक गोष्ट राहिली. सहकारी कारखान्यात बढतीचे नियम सेवाशर्तींत लिहिलेले असतात. ‘वरिष्ठ म्हणतात’ एवढ्यावर दोन वर्षे आणि शुल्क गुंतवण्यापूर्वी ऑनलाइन एमबीए बढतीसाठी ग्राह्य धरली जाईल असे प्रशासन विभागाकडून लेखी घ्या. विशेष विषय निवडताना कार्यव्यवस्थापन किंवा पुरवठा साखळी घ्यावी, असे मी सुचवेन. गळीत हंगाम सुरू होण्यापूर्वी सुट्या भागांचा साठा किती ठेवायचा आणि पडून राहिलेल्या मालात किती पैसा अडकतो, हा आपला रोजचा प्रश्न आहे आणि त्या विषयाचा प्रकल्प अहवाल आपल्याच भांडारावर लिहिता येईल. परीक्षा ऐन हंगामात येतात काय, तेही वेळापत्रकावरून आधी पाहा.

प्रश्न : आमच्या तासगावात एका गाळ्यात ऑनलाइन एमबीएचे ‘अधिकृत अभ्यासकेंद्र’ उघडले आहे. पत्रकावर एका संतांचे चित्र आणि एका धार्मिक विद्यापीठाचे नाव आहे. केंद्रचालक मुलाची पूर्ण फी रोख मागतात आणि पास होण्याची जबाबदारी आमची, असे सांगतात. माणूस देवधर्म करणारा दिसतो. मुलाला घालावे का?

उत्तर : घालू नये. ऑनलाइन अभ्यासक्रमाला गावोगावी अभ्यासकेंद्रे नसतातच. विद्यार्थी साहाय्यता केंद्रे दूरस्थ शिक्षणासाठी असतात, तीही विद्यापीठाच्या ठरलेल्या कार्यक्षेत्रात, आणि खासगी व्यक्तीला पैसे घेऊन केंद्र चालवायला देण्याची मुभा यूजीसीचे नियम देत नाहीत. ‘पास होण्याची जबाबदारी आमची’ हे वाक्य म्हणजे तर उघड कबुलीच आहे. पत्रकावरील संतांना यातले काही ठाऊक नसणार, आणि ज्या विद्यापीठाचे नाव छापले आहे त्यालाही कदाचित नसेल. म्हणून त्याच्या कुलसचिवांना पत्रकाचे छायाचित्र जोडून या केंद्राबद्दल लेखी विचारा. मुलाने पदवी घेतलेली असेल आणि त्याला खरोखर ऑनलाइन एमबीए करायची असेल, तर वर सांगितलेल्या डीईबीच्या यादीतून विद्यापीठ निवडून शुल्क थेट विद्यापीठाच्या खात्यात भरावे आणि पावतीवर विद्यापीठाचेच नाव आहे याची खात्री करावी. केंद्रचालकाला आगाऊ रक्कम दिली असेल, तर पावती, पत्रक आणि त्याने पाठवलेले संदेश जपून ठेवा व रक्कम परत मागणारे पत्र पोचपावतीसह टपालाने पाठवा. दिलेल्या मुदतीत उत्तर आले नाही, तर सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते.